दूध आंबते, मासळी कुजते : साखर आणि अमिनो आम्लांचा हिशेब

गोठ्यातून आणलेले, पण तापवायचे राहून गेलेले दूध ओट्यावर रात्रभर राहिले तर ते आंबते. त्याच ओट्यावर राहिलेली मासळी मात्र कुजते. मराठीने या दोन घटनांसाठी दोन वेगळी क्रियापदे राखून ठेवली आहेत आणि जिवाणूशास्त्राच्या दृष्टीनेही त्या दोन वेगळ्याच घटना आहेत. प्रथिने दुधातही आहेत आणि मासळीत तर भरपूर आहेत. जिवाणूही दोन्हीकडे असंख्य जातींचे आहेत. मोठा फरक आहे तो साखरेचा. दुधात शेकडा साडेचार ते पाच भाग लॅक्टोज ही साखर असते, तर मासळीच्या स्नायूंत कर्बोदके शेकडा एक भागही भरत नाहीत. दुधातल्या जिवाणूंना आधी साखर मिळते, तिचे आम्ल होते आणि प्रथिने बहुतांशी तशीच राहून दही होते. मासळीवरच्या जिवाणूंना अमिनो आम्लांवाचून दुसरे खाणे फारसे मिळत नाही.

साखर असेपर्यंत अमिनो आम्ले वाचतात, हे विधान म्हणूनच खरे आहे. परंतु एकाच जातीच्या जिवाणूऐवजी शेकडो जातींची मिश्र वस्ती समोर आली, म्हणजे गायीचे पोट, मुरघासाचा (हिरवा चारा आंबवून साठवण्याचा) खड्डा, माणसाचे मोठे आतडे किंवा बायोगॅसची टाकी, की ‘वाचतात’ या एका शब्दात किमान तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या दिसतात. त्या वेगळ्या न केल्यामुळे या विषयावर बराच गोंधळ झालेला आहे.

प्रथम अमिनो आम्लांचे विघटन म्हणजे नेमके काय, ते पाहू. प्रथिन ही वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची लांब माळ असते. जिवाणू बाहेर सोडलेल्या विकरांनी (एन्झाइमांनी) ती माळ तोडतात, तिचे लहान तुकडे आणि सुटे मणी पेशीत ओढून घेतात, आणि मग त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. एक, तो मणी आहे तसा स्वतःच्या प्रथिनात गुंफणे. दुसरी, त्याला तोडून त्यातून ऊर्जा काढणे. तोडण्याच्याही रीती अनेक आहेत. नायट्रोजनचा भाग काढून टाकला तर अमोनिया सुटतो आणि उरलेला कार्बनचा सांगाडा इंधन म्हणून वापरता येतो. कार्बन डायऑक्साइड काढून टाकला तर अमाइन उरते. हिस्टिडिनपासून हिस्टामाइन आणि लायसिनपासून कॅडॅव्हरिन असेच होते. काही क्लॉस्ट्रिडियम जिवाणू एका अमिनो आम्लातून हायड्रोजन काढून तो दुसऱ्या अमिनो आम्लाला देतात आणि या जोडीच्या व्यवहारावर जगतात. ही क्रिया केंब्रिजमधील स्टिकलँड यांनी १९३४ मध्ये दाखवून दिली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ट्रिप्टोफॅनपासून इंडोल, गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या वासाची यादी करायला बसलो तर ती जवळजवळ संपूर्णपणे अमिनो आम्लांच्या तुकड्यांचीच यादी होईल.

घरात सरपण असताना कोणी वासे उपसून चुलीत घालत नाही. साखर हे सरपण आणि अमिनो आम्ले हे वासे, असे समजले तर मूळ कल्पना ध्यानात येते. अमेरिकन जिवाणूशास्त्रज्ञ आर्थर केंडल यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच हे सूत्ररूपाने मांडले होते: किण्वनाला, म्हणजे साखर आंबण्याला, कुजण्यापेक्षा अग्रक्रम मिळतो. एकच जिवाणू साखरेशिवाय प्रथिनांच्या द्रावणात वाढवला तर अमोनिया भरपूर होतो, आणि साखर घालून वाढवला तर तो अगदी कमी होतो, हे त्यांनी अनेक जिवाणूंच्या बाबतीत मोजून दाखवले. साखर प्रथिनांना वाचवते, ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली.

मात्र जिवाणूला भविष्याची काळजी नसते, त्यामुळे वाशांची उपमा इथेच सोडून द्यावी हे बरे. खरे कारण यंत्रणेत आहे. १९४२ मध्ये केंब्रिजच्या एप्स आणि गेल यांनी ई. कोलाय या जिवाणूवर प्रयोग करून दाखवले की ग्लुकोजच्या सान्निध्यात वाढलेल्या पेशींमध्ये अमिनो आम्लांचा नायट्रोजन काढणारी विकरे फारच थोडी आढळतात, आणि हा परिणाम केवळ ग्लुकोजपासून होणाऱ्या आम्लामुळे झालेला नसतो. त्याच सुमारास पॅरिसमध्ये जाक मोनो यांना दोन साखरा एकत्र दिल्यास जिवाणू आधी एक संपवतो, थोडा थांबतो आणि मगच दुसरीला हात लावतो, असे आढळले होते. पुढे १९६५ मध्ये मॅकमन आणि सदरलँड यांनी ई. कोलायमध्ये सायक्लिक एएमपी हा लहानसा रेणू शोधला. ग्लुकोज आत येत असताना या रेणूची पातळी खाली जाते. आणि ट्रिप्टोफॅन तोडणाऱ्या विकरासारख्या कित्येक विकरांची जनुके चालू होण्यासाठी तोच रेणू लागतो. म्हणजे ग्लुकोज आहे तोवर ते विकर तयारच होत नाही. हा साखरेचा पहिला, थेट परिणाम. बॅसिलस कुळातील जिवाणू हेच काम निराळ्या प्रथिनांच्या मदतीने करतात. अनेक जातींमध्ये माळ तोडणारी बाहेरची विकरेही साखरेमुळे कमी होतात.

महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा सारा इतिहास एका नळीत पाहता येतो. जिवाणू ट्रिप्टोफॅन तोडतो का, हे लाल कड्यावरून दाखवणाऱ्या इंडोल चाचणीसाठी वापरायचे ट्रिप्टोन पाणी, म्हणजे तोडलेल्या प्रथिनांचे द्रावण, मुद्दाम ग्लुकोजविना बनवतात. त्यात चुकून ग्लुकोज पडले तर ई. कोलायसारख्या खात्रीच्या जिवाणूचेही लाल कडे न दिसण्याची शक्यता असते. त्याहून बोलकी नळी टीएसआयची, म्हणजे ‘ट्रिपल शुगर आयर्न’ची. तिच्या आगरमध्ये (गोठणाऱ्या माध्यमात) ग्लुकोज शेकडा ०.१, लॅक्टोज व सुक्रोज प्रत्येकी शेकडा १, आणि भरपूर पेप्टोन, म्हणजे अर्धवट तोडलेले प्रथिन, असते. रंगासाठी फिनॉल रेड घातलेले असते. आम्ल झाले की ते पिवळे पडते आणि अल्क झाले की लालभडक दिसते. नळी तिरपी ठेवून गोठवल्यामुळे वर हवेशीर स्लँट आणि खाली हवाबंद बट असे दोन भाग होतात. त्यात साल्मोनेला पेरला तर पहिल्या आठ-दहा तासांत संपूर्ण नळी पिवळी होते, कारण तो ग्लुकोज खात असतो. परंतु ग्लुकोज अगदी थोडे आहे, आणि लॅक्टोज व सुक्रोज त्याला पचत नाहीत. ग्लुकोज संपताच स्लँटवरचा जिवाणू पेप्टोनमधली अमिनो आम्ले तोडू लागतो, अल्कधर्मी पदार्थ सुटतात, आणि अठरा ते चोवीस तासांत वरचा भाग पुन्हा लाल होतो. खालचा मात्र आम्लधर्मीच राहतो. ई. कोलायच्या नळीत दहापट लॅक्टोज शिल्लक असल्याने स्लँटही पिवळाच दिसतो.

विद्यार्थिदशेत मी एकदा शनिवारी पेरलेल्या नळ्या सोमवारी दुपारी वाचल्या. लॅक्टोज खाणाऱ्या एका जिवाणूचा स्लँट लाल झालेला होता आणि मी त्याला खुशाल दुसऱ्याच जातीचे नाव देऊन मोकळा झालो. चूक नळीची नव्हती. दोन दिवसांत तिथली मोठी साखरही सरली होती. टीएसआय वेळेतच वाचावे, असे जे बजावून सांगतात त्यामागे एवढाच अर्थ आहे की ती नळी जिवाणूची जात दाखवत नसून साखर संपली की नाही हे दाखवते, आणि जात आपण त्यावरून ताडतो.

शीतगृहातल्या मांसाचेही असेच असते. न्यूझीलंडमधील संशोधकांनी १९७० च्या दशकात दाखवले की थंड, हवेशीर मांसावर वाढणारे स्यूडोमोनास जिवाणू प्रथम स्नायूतले थोडेसे ग्लुकोज वापरतात आणि ते अपुरे पडू लागल्यावरच अमिनो आम्लांकडे वळतात. म्हणून प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे दहा कोटी जिवाणू होईपर्यंत नाकाला फारसे काही कळत नाही. कत्तलीपूर्वी जनावर दमले-भ्यालेले असेल तर मात्र त्याच्या स्नायूतला साखरेचा साठा आधीच संपलेला असतो, आणि तसे मांस दहा लाखांच्या आसपासच घाण मारू लागते. जिवाणू शंभरपट कमी असूनही.

आता मिश्र वस्तीकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. आतापर्यंतची हकीकत अशा जिवाणूची होती ज्याला साखर आणि अमिनो आम्ले दोन्ही खाता येतात आणि जो त्यांतून निवड करतो. परंतु मिश्र वस्तीत असेही रहिवासी असतात ज्यांना साखर खाताच येत नाही. त्यांच्यासमोर साखरेचा डोंगर ठेवला तरी त्यांची विकरे बंद होणार नाहीत, कारण निवड करण्याचा प्रश्नच त्यांना पडत नाही.

गायीच्या कोटीपोटाने, म्हणजे तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याने, हा धडा शिकवला. त्यातील द्रवात दर मिलिलिटरला अब्जावधी जिवाणू असतात आणि पेंडीतले बरेचसे प्रथिन तिथेच फुटते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या परिचित जातींचा अमोनिया बनवण्याचा वेग मोजला असता तो इतका कमी भरत होता की संपूर्ण कोटीपोटातील द्रवाच्या वेगाचा मेळ त्याच्याशी लागेना. कॉर्नेल येथील जेम्स रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग साखर अजिबात नसलेल्या, केवळ अमिनो आम्लांच्या माध्यमात कोटीपोटातील जिवाणू वाढवले, आणि १९८८ मध्ये त्यांना कमालीच्या वेगाने अमोनिया सोडणारे जिवाणू हाती लागले. पुढे अशा आणखी जाती मिळाल्या. क्लॉस्ट्रिडियम स्टिकलँडी आणि क्लॉस्ट्रिडियम अमिनोफिलम ही त्यांपैकी दोन. संख्येने थोडे, पण कामाला दांडगे. इतकी वर्षे ते नजरेस पडले नव्हते याचे एक साधे कारण म्हणजे जिवाणू शोधताना माध्यमात साखर घालण्याची सर्वांचीच सवय होती.

मग कोटीपोटात साखर किंवा स्टार्च वाढवले की अमोनिया कमी होतो, तो कसा? इथे साखरेचा दुसरा, आडमार्गाचा परिणाम दिसतो. साखर खाणारे शेजारी आम्ल सोडतात आणि द्रवाचा सामू (पीएच; आम्ल वाढले की हा आकडा घटतो) उतरतो. साखर न खाणाऱ्या या अमोनियाकारक जिवाणूंना आम्ल सोसत नाही. सामू ६ च्या खाली गेला की त्यांचे काम मंदावते. म्हणजे ज्याने साखरेला स्पर्शही केलेला नाही, त्याला साखरेचा फटका शेजाऱ्यामार्फत बसतो. एकट्या जातीचे प्रयोग कितीही केले तरी हे कळले नसते. आणि म्हणूनच, सामू स्थिर राखणारे क्षार न घालता, अनेक जाती एकत्र वाढवून केलेल्या प्रयोगातून ‘साखरेने विकरे दाबली’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो मी तरी सहजासहजी मान्य करणार नाही.

आम्लाचा परिणाम नेहमी अमिनो आम्लांच्या बाजूनेच होतो असेही नाही. नायट्रोजन काढणारी विकरे आम्लात मंदावतात, तर कार्बन डायऑक्साइड काढून अमाइन बनवणारी कित्येक विकरे आम्लातच जागी होतात, कारण अमाइन अल्कधर्मी असल्याने जिवाणूला आम्लापासून बचाव मिळतो. गेल यांनी १९४० च्या दशकातच हा फरक टिपला होता. डेन्मार्कच्या म्योलर यांनी १९५५ मध्ये लायसिन तोडणारे जिवाणू ओळखण्यासाठी जे माध्यम तयार केले, त्यात ग्लुकोज मुद्दाम घातलेले असते: आधी नळी आम्लाने पिवळी होते, आणि त्यानंतर लायसिन तुटून ती जांभळी होते. इंडोलच्या चाचणीत ग्लुकोज निषिद्ध, लायसिनच्या चाचणीत ते आवश्यक. साखर अमिनो आम्लांना वाचवते हे घोटून पाठ केलेल्या विद्यार्थ्याने या दोन नळ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. धान्याचा भरडा एकदम जास्त खाल्लेल्या गायीच्या आम्लधर्मी कोटीपोटात हिस्टामाइन वाढते, तेही याच जातीचे उदाहरण आहे.

तिसरा परिणाम हिशेबाचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. साखरेतून ऊर्जा मिळाली की जिवाणू वाढतात, आणि वाढायला त्यांना प्रथिने लागतात. अमिनो आम्लांचा प्रत्येक सांधा जोडण्यासाठी पेशीला सुमारे चार एटीपीइतकी ऊर्जा खर्चावी लागते (एटीपी हे पेशीतले ऊर्जेचे चलन). हवेशिवाय ग्लुकोजच्या एका रेणूचे लॅक्टिक आम्ल करून दोनच एटीपी हाती येतात. म्हणजे ऊर्जा मिळाली तरच माळ गुंफता येते. ऊर्जा असताना जिवाणू अमिनो आम्ले थेट वापरतात, आणि आधीच सुटलेला अमोनियाही पुन्हा आत घेऊन त्यापासून नवी अमिनो आम्ले बनवतात. बाहेरच्या द्रवात अमोनिया मोजणाऱ्याला तो कमी झालेला दिसतो. पण विघटन कमी झाले म्हणून तो कमी दिसला, की विघटन तितकेच होऊन अमोनिया परत उचलला गेला, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. रसेल, स्निफेन आणि व्हॅन सोस्ट यांनी १९८३ मध्ये कोटीपोटातील मिश्र जिवाणूंना केसीन हे दुधातले प्रथिन आणि निरनिराळ्या प्रमाणात कर्बोदके देऊन पाहिले, तेव्हा कर्बोदके अपुरी असताना नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने साचत होता आणि ती पुरेशी असताना जिवाणूंच्या अंगी लागत होता.

पशुपालकाला या फरकाशी फारसे देणेघेणे नसते, आणि ते योग्यच आहे. पश्चिम महाराष्ट्रात जिला पेंड म्हणतात आणि विदर्भात ढेप, ती महागाची असते. ऊर्जा कमी पडली तर तिच्यातले प्रथिन अमोनिया होऊन रक्तात शिरते, यकृत त्याचा युरिया करते, आणि त्यातला बराचसा मूत्रावाटे गोठ्याच्या मोरीत जातो. ऊर्जा वेळेवर मिळाली तर त्याच नायट्रोजनचे जिवाणू बनतात, ते पुढच्या आतड्यात पचतात आणि दुधाच्या प्रथिनाला कामी येतात. ‘वेळेवर’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मळीतली साखर कोटीपोटात फार थोड्या वेळात संपते, युरियाचा अमोनियाही तितक्याच झटपट सुटतो. म्हणून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसार केलेल्या चाटण विटांमध्ये युरिया आणि मळी एकत्र असतात, आणि जनावर त्या हळूहळू चाटते. पेंडीतले प्रथिन मात्र कित्येक तास फुटत राहते, तेव्हा तिच्या जोडीला सावकाश पचणारे धान्य आणि चांगला चारा अधिक उपयोगी ठरतो.

मुरघासात हेच सूत्र उलट्या हेतूने वापरले जाते. तिथे जिवाणू वाढवायचे नसून चाऱ्यातले प्रथिन राखायचे असते. मक्यात साखर पुरेशी असल्याने लॅक्टिक आम्ल पटकन तयार होते, सामू ४ च्या आसपास उतरतो आणि क्लॉस्ट्रिडियम गप्प बसतात. लसूणघासात प्रथिन जास्त, साखर कमी, शिवाय आम्ल झाले तरी सामू सहजी उतरू न देण्याचा गुण. त्यामुळे लसूणघासाचा मुरघास काळजी न घेतल्यास चिकट होतो आणि त्याला लोण्याच्या खवट वासात मिसळलेला अमोनियाचा वास येतो. खड्डा भरताना शेतकरी गुळाचे पाणी शिंपडतात ते यासाठी. फिनलंडच्या विर्तानेन यांनी तर साखरेची वाट न पाहता चाऱ्यावर थेट आम्लच ओतण्याची पद्धत काढली. १९४५ च्या त्यांच्या नोबेल पारितोषिकात या कामाचा मोठा वाटा होता. आम्ल बाहेरून ओतूनही प्रथिन टिकते, यावरून मुरघासात साखरेचे मुख्य काम सामू उतरवण्याचेच आहे, हे आपोआप सिद्ध होते.

माणसाच्या मोठ्या आतड्यात दोन्ही प्रदेश एकाच नळीत सापडतात. उजव्या बाजूला, जिथे न पचलेला तंतुमय भाग नुकताच येऊन पोहोचतो, तिथे किण्वन जोरात असते आणि सामू साडेपाच ते सहाच्या आसपास असतो. डाव्या बाजूला पोहोचेपर्यंत कर्बोदके संपत आलेली असतात, सामू सातकडे सरकतो, आणि अमोनिया, फिनॉल, इंडोल यांचे प्रमाण वाढते. यकृत निकामी झालेल्या रुग्णांमध्ये हा अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचून गुंगी आणतो. त्यासाठी १९६६ मध्ये बिर्चर आणि सहकाऱ्यांनी लॅक्ट्युलोजचा वापर सुचवला. गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज यांची ही कृत्रिम जोडसाखर लहान आतड्यात पचत नाही, त्यामुळे ती थेट मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वाट्याला येते. ती नेमके काय करते, हे विचारले तर वर आलेले सगळेच मुद्दे पुन्हा उभे राहतात: आम्ल होते, आम्लात अमोनिया अमोनियम बनून आतड्यातच अडकतो, वाढणारे जिवाणू नायट्रोजन उचलतात, अमोनिया बनवणारे दबतात, आणि शौचाला साफ झाल्याने उरलेसुरलेही बाहेर पडते. औषध गेली कित्येक दशके वापरात आहे.

राहिली बायोगॅसची टाकी. प्रथिन आणि साखर असलेला कचरा एकत्र दिला तर साखर प्रथिनाचे विघटन लांबवते, असे नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात जिलेटिन या प्रथिनावर झालेल्या प्रयोगांत दिसले. त्यानंतरच्या काही प्रयोगांत मात्र दोन्ही एकाच वेळी तुटताना आढळली. हा विरोध वाटतो तेवढा मोठा नाही. एकदाच भरून ठेवलेल्या बाटलीत सुरुवातीचे काही तास साखरेची पातळी उंच असते आणि विकरे दाबली जातात. रोज थोडे थोडे खाद्य घेणाऱ्या टाकीत साखर येताक्षणी फस्त होते; द्रवात ती मोजण्याइतकीही उरत नाही, त्यामुळे दाबायला कोणी शिल्लकच नसते, आणि महिनोन्‌महिने दोन्ही खाद्यांवर जगलेल्या वस्तीत अमिनो आम्लांवर जगणाऱ्यांची स्वतःची बिऱ्हाडेही थाटलेली असतात. टाकीत सामू सांभाळला जात असेल तर शेजाऱ्याच्या आम्लाचाही त्रास नाही.

मग मिश्र वस्तीत अमिनो आम्ले खरोखर किती तुटली, हे ठरवायचे कसे? अमोनियावर विसंबता येत नाही, हे वर आलेच आहे. एक उपाय म्हणजे जड नायट्रोजनने (नायट्रोजनच्या जड समस्थानिकाने) खूण केलेली प्रथिने देऊन ती खूण कुठे कुठे पोहोचते ते शोधणे. तो खर्चिक आहे. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे ल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्ले तुटल्यावर उरणारी आयसोव्हॅलेरिक आणि आयसोब्युटिरिक ही फाटे फुटलेली आम्ले मोजणे, कारण ती साखरेपासून सहसा होत नाहीत. मात्र कोटीपोटात तंतू पचवणाऱ्या काही जिवाणूंना वाढीसाठी हीच आम्ले लागतात आणि ते ती उचलतात, तेव्हा तिथे हा आकडाही थोडा कमीच भरतो, आणि तो अमोनियाच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचावा लागतो.